डेडहेड रसिकांच्या ध्वनिफिती आणि कॉर्नेलचा जलसा

रॉक संगीताचे रसिक एकत्र जमले म्हणजे त्यांच्या बोलण्याचे विषय बहुधा ठरलेले असतात. कोणती मंडळी श्रेष्ठ, फुटलेली मंडळी पुन्हां एकत्र येणार कीं नाहीं, नवी ध्वनिमुद्रिका जुनीच्या तोडीची उतरली आहे काय, आणि अमुक सालचा अमुक जलसा प्रत्यक्ष ऐकण्याचें भाग्य कोणास लाभलें. या बोलण्यास इतिहासाचें साधन मानण्यास आपले संशोधक सहसा तयार होणार नाहींत. बाजारगप्पांत त्याची गणना करून ते पुढें जातील. परंतु अमेरिकेंतील ग्रेटफुल डेड या मंडळीच्या बाबतींत असें घडलें आहे कीं, रसिकांच्या या गप्पांच्या पोटींच मंडळीच्या इतिहासाचीं कित्येक मूळ साधनें निर्माण झालीं, तीं रसिकांनींच जतन केलीं, आणि मंडळीच्या स्वतःच्या दप्तरांतील उणिवाहि पुढें त्यांच्याच हातून भरून निघाल्या. त्याबरोबर दुसरीहि एक गोष्ट घडली. कोणता जलसा थोर, हें रसिकांच्या कानांनीं ठरविलें असा सर्वांचा समज आहे. वस्तुतः तें बऱ्याच अंशीं फितींच्या नशिबानें ठरविलें. ता. ८ मे १९७७ रोजीं इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठांत झालेला जलसा हें याचें ठळक उदाहरण असून त्याचा विचार प्रस्तुत लेखांत मुख्यतः करावयाचा आहे.

प्रथम मंडळीची ओळख करून दिली पाहिजे. बेवारस पडलेल्या प्रेताचें देणें फेडून एखादा प्रवासी त्याचें उत्तरकार्य करतो व पुढें संकटकाळीं तो मृतात्मा त्याच्या साहाय्यास धांवून येतो, अशा आशयाची लोककथा युरोपांत अनेक रूपांनीं आढळते. या कथेंतील कृतज्ञ मृतात्म्याचें नांव शब्दकोश चाळतां चाळतां सांपडलें व मंडळीनें तें घेतलें. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें १९६५ सालीं ‘वॉरलॉक्स’ या नांवानें ती उभी राहिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रेटफुल डेड झाली. जेरी गार्सिया, बॉब वियर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन व रॉन मॅकर्नन हे या नव्या नांवानें वाजवूं लागलेले पहिले पांच वादक. १९६७ सालीं मिकी हार्ट हे दुसरे तालवादक येऊन मिळाले; रॉबर्ट हंटर हे पडद्यामागील गीतकार. ता. ९ ऑगस्ट १९९५ रोजीं गार्सिया मरण पावले व त्याबरोबर मंडळीचें हें नांवहि थांबलें. या तीस वर्षांत तिचे सुमारें २३०० जलसे झाले.

आंकडा मोठा आहे, पण महत्त्वाची गोष्ट ती नव्हे. इतर मंडळ्या एका दौऱ्यांत ठरीव गीतांचा ठरीव क्रम गांवोगांव वाजवीत. ग्रेटफुल डेडनें ही रीत स्वीकारली नाहीं. आज कोणतीं गीतें, कोणत्या क्रमानें, आणि एका गीतांतून दुसऱ्यांत कोठें शिरावयाचें, हें बव्हंशीं त्या रात्रीं व्यासपीठावरच ठरे. ‘डार्क स्टार’ हें त्यांचें गीत १९६८ सालीं लहान तबकडीवर निघालें तेव्हां तीन मिनिटांच्याहि आंत संपत होतें. पुढच्याच वर्षीं निघालेल्या ‘लाइव्ह-डेड’ या ध्वनिमुद्रिकेंत तेंच गीत वीस मिनिटांच्या पलीकडे गेलें आहे. बंदिश तीच, पण विस्तार रोजचा निराळा, ही गोष्ट ख्यालगायनाच्या श्रोत्यांस निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. (हिंदुस्थानी तालपद्धतीशीं मंडळीचा संबंध केवळ उपमेपुरता नाहीं. हार्ट यांनीं अल्लारखा यांजपासून ताल शिकून घेतला होता आणि अल्लारखा यांचे मुंबईस जन्मलेले चिरंजीव झाकीर हुसेन यांच्यासह ‘दिगा’ नांवाची ध्वनिमुद्रिका १९७६ सालीं काढली.) यावरून एवढें स्पष्ट होईल कीं, पेढीवर विकत मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकांवरून या मंडळीचा इतिहास लिहूं जाणें व्यर्थ आहे. तिचें खरें कर्तृत्व एका रात्रीचें, एका सभागृहापुरतें. तें तेथल्या तेथें कोणी टिपून ठेविलें तरच उरावयाचें.

टिपणारे दोन प्रकारचे होते. पहिला वर्ग मंडळीच्या नोकरीतील ध्वनियंत्रज्ञांचा. ऑस्ली स्टॅन्ली हे त्यांतील आद्य. आपण मांडलेल्या ध्वनियोजनेंत काय चुकलें हें दुसऱ्या दिवशीं ऐकून पाहण्यासाठीं ते जलशाची फीत घेत. म्हणजे हे मुद्रण मुळांत यंत्रज्ञाची रोजनिशी होती, भावी पिढ्यांसाठीं केलेला संग्रह नव्हता. इतिहासाचें उत्तम साधन पुष्कळदां असें इतिहासाचा विचारहि मनांत नसलेल्या माणसाच्या हातून निपजतें. दुसरा वर्ग श्रोत्यांचा. कोटाच्या आंत ध्वनिग्राहक लपवून, सोबत्याच्या खांद्याआड यंत्र ठेवून हे लोक जलसा टिपीत. आरंभीं मंडळीच्या सेवकांस हें खपत नसे, आणि सांपडलेल्याच्या तारा कापून टाकल्याच्या हकीकती जुन्या रसिकांकडून अनेकदां ऐकूं येतात. मंडळीच्या प्रमुखाचें मन मात्र निराळें होतें. गार्सिया यांनीं स्वतः १९६४ सालीं, म्हणजे मंडळी निघण्यापूर्वीं, एका मित्रासह अमेरिकेच्या पूर्व व दक्षिण भागांत मोटारीनें फिरून ब्लूग्रास नांवाच्या ग्रामीण संगीताच्या फिती घेतल्या होत्या. आपण वाजवून मोकळे झालों, मग तें श्रोत्यांनीं खुशाल न्यावें, अशा अर्थाचें त्यांचें मत सर्वश्रुत आहे. ज्यानें स्वतः दुसऱ्याच्या अंगणांतून फुलें वेंचलीं त्यास आपल्या अंगणास कुंपण घालणें जड गेलें असावें.

या श्रोत्यांचा समाज कसा बनला, हें पाहण्यासारखें आहे. १९७१ सालीं निघालेल्या जोड ध्वनिमुद्रिकेच्या आंतल्या बाजूस मंडळीनें एक आवाहन छापलें : रसिकांनीं आपलीं नांवें व पत्ते कळवावे, म्हणजे मंडळी त्यांस आपली हालहवाल कळवीत जाईल. या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गुलाबांचा मुकुट घातलेला सांपळा आहे. तो एडमंड सलिव्हन या चित्रकारानें उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी आवृत्तीसाठीं काढलेल्या चित्रावरून घेतलेला आहे; माधव जूलियन यांनीं मराठींत आणिलेल्या त्याच रुबाया. असो. पत्ते येऊं लागले व मंडळीकडून पत्रकें जाऊं लागलीं. ‘डेडहेड’ हें नांव या समाजास याच काळांत रूढ झालें. वृत्तपत्रें किंवा नभोवाणी यांच्यावर अवलंबून न राहतां मंडळी व रसिक यांच्यामध्यें टपालाचा सरळ रस्ता खुला झाला, आणि १९८३ पासून तर तिकिटेंहि मंडळीनें त्याच रस्त्यानें विकण्यास आरंभ केला. त्याच १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत लेस किपेल यांनीं फितींच्या विनामूल्य देवघेवीसाठीं एक संघ काढला. १९७४ सालीं त्यांतूनच ‘डेड रेलिक्स’ हें नियतकालिक निघालें.

हें १९७४ साल मुद्दाम लक्षांत ठेवावें. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को येथील विंटरलँड सभागृहांत पांच रात्री जलसे करून मंडळीनें फिरतीस विराम दिला. अखेरच्या रात्रीच्या, म्हणजे ता. २० ऑक्टोबरच्या, तिकिटांवर ‘शेवटचा’ अशा अर्थाचा शिक्काच मारलेला होता. मंडळी पुन्हां एकत्र येईल कीं नाहीं, ही चर्चा रसिकांत तेव्हांपासून सुरू झाली. जून १९७६ मध्यें मंडळी पुन्हां फिरतीवर निघाली, तोंपर्यंतची मधली वीस महिन्यांची उपासमार जुन्या फितींवर काढली गेली. नवे जलसे जवळजवळ नसल्यानें जुन्यांच्या प्रतींची मागणी वाढली, प्रती वाढल्या म्हणून त्यांची तुलना होऊं लागली, आणि तुलना होऊं लागली म्हणून कोणता जलसा सरस हा वाद उभा राहिला. वियोगाच्या काळांत साधनसंग्रह वाढतो, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तरी नवलाची वाटूं नये; आपलेंहि कागद शोधण्याचें वेड राज्य गेल्यावरचेंच आहे.

देवघेवीचे नियम लिखित नव्हते, पण कडक होते. फितींचा पैशानें विक्रय करावयाचा नाहीं, हा पहिला. ज्याच्याजवळ बदल्यांत देण्यासारखें कांहीं नाहीं अशा नवख्यानें कोऱ्या फिती व परतीचें टपाल पाठवावें, आणि जुन्या संग्राहकानें त्यावर नक्कल करून पाठवावी, हा दुसरा. नव्वद मिनिटांची कॅसेट ही या व्यवहारांतील चलनी नाणें होती. जलशाचा एक भाग साधारण एका कॅसेटवर मावे. प्रत्येक नकलेबरोबर मूळ ध्वनि किंचित् मंद होई व फितीची खरखर वाढे. म्हणून चोखंदळ संग्राहक फितीबरोबर तिची वंशावळहि मागत : ही मूळावरून कितवी नक्कल, मूळ मुद्रण मंडळीच्या ध्वनिफलकावरून घेतलेलें कीं श्रोत्यांतून, यंत्र कोणतें, बसण्याची जागा कोणती. पोथ्यांचे पाठ तपासणाऱ्या पंडितास ही भाषा ओळखीची वाटेल. फीत संपून दुसरी घालीपर्यंत जेवढें वाजलें तेवढें गळलेलें असे. ती जागा दुसऱ्या श्रोत्याच्या मुद्रणावरून भरून काढीत, आणि प्रामाणिक संग्राहक जोड कोठें आहे हें कळवीत. यंत्राची विजेरी उतरल्यामुळें फीत मंद फिरली असेल तर नक्कल ऐकतांना सर्व वाद्यें वरच्या सुरांत लागल्यासारखीं वाटत, आणि वाद्यांच्या मूळ सुरावरून हा दोष हुडकून दुरुस्त करावा लागे. गीतांच्या याद्या लिहितांना एक गीत न थांबतां दुसऱ्यांत गेलें असेल तर दोहोंमध्यें बाण काढण्याचा प्रघात पडला. हा बाण म्हणजे या समाजानें आपल्या गरजेपुरतें निर्माण केलेलें लिपिचिन्हच होय.

अशा याद्या जमतां जमतां १९८७ सालीं ‘डेडबेस’ या नांवाचा ग्रंथ निघाला. जॉन स्कॉट, माइक डॉल्गुश्किन व स्टू निक्सन हे त्याचे संपादक. तारीखवार जलसे, ठिकाण, वाजविलेलीं गीतें व त्यांचा क्रम, एवढाच त्याचा मजकूर. आपल्या जेधे शकावलीप्रमाणें येथेंहि वर्णन नाहीं, अलंकार नाहीं, केवळ नोंदी. आणि त्यामुळेंच तो विश्वसनीय आहे. अमुक गीत किती वर्षांनीं पुन्हां ऐकूं आलें हें त्यावरून बिनचूक सांगतां येतें. जुलै १९८४ नंतर लुप्त झालेलें ‘डार्क स्टार’ ता. ९ ऑक्टोबर १९८९ रोजीं व्हर्जिनियांतील हॅम्प्टन येथें अकस्मात् वाजलें तेव्हां त्याचें महत्त्व श्रोत्यांस तत्क्षणीं कळलें, कारण मधलीं वर्षें त्यांनीं मोजून ठेविलीं होतीं. त्या दोन रात्रीं मंडळी आपलें जुनें ‘वॉरलॉक्स’ हें नांव लावून आली होती, ही आणखी एक गंमत.

श्रोत्यांच्या मुद्रणास मंडळीची उघड संमति मिळाली ती १९८४ सालीं. ध्वनिग्राहकांच्या काठ्यांचें रान सभागृहांत इतकें माजलें कीं, ध्वनियंत्रज्ञ डॅन हिली यांस व्यासपीठ दिसेना व इतर श्रोत्यांच्या तक्रारी येऊं लागल्या. तेव्हां ऑक्टोबर महिन्यांत बर्कली येथील जलशांपासून मुद्रण करणारांसाठीं ध्वनिफलकाच्या मागें निराळी जागा राखून तिचीं तिकिटेंहि निराळीं काढण्यांत आलीं. बंदी घालण्याऐवजीं जागा नेमून देण्याचा हा निर्णय उदार होता तितकाच व्यवहारी होता.

आतां कॉर्नेलकडे वळूं. १९७७ च्या आरंभीं मंडळी ‘टेरापिन स्टेशन’ या नव्या ध्वनिमुद्रिकेच्या कामांत होती. तिचे निर्माते कीथ ओल्सेन शिस्तीचे कडक. त्यांनीं तालमी करवून घेतल्या, आणि त्या वसंतांतील दौऱ्यांत मंडळीचें वाजविणें एरव्हींपेक्षां बांधेसूद झालें याविषयीं जाणकारांत फारसा मतभेद नाहीं. ता. ८ मे रोजीं कॉर्नेल येथील बार्टन हॉल या लष्करी कवायतीसाठीं बांधलेल्या प्रशस्त सभागृहांत जलसा झाला. मे महिना असूनहि त्या रात्रीं बर्फ पडल्याचें तेथें हजर असलेले लोक आवर्जून सांगतात. ‘स्कार्लेट बेगोनियाज’ या गीतांतून ‘फायर ऑन द माउंटन’ या केवळ दोन महिन्यांपूर्वीं प्रथम वाजविलेल्या गीतांत झालेला प्रवेश, आणि उत्तरार्धाच्या अखेरीस ‘मॉर्निंग ड्यू’, हे या जलशाचे वाखाणले जाणारे भाग. ते वाखाणण्याजोगे आहेत हेंहि निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो पुढचा : या एका रात्रीस मंडळीच्या तीस वर्षांतील सर्वोत्तम रात्र ही पदवी कशी मिळाली ?

याचें उत्तर बेटी कँटर-जॅक्सन या यंत्रज्ञ बाईंच्या फितींत आहे. त्या मंडळीबरोबर फिरत व सभागृहांत ऐकूं येणाऱ्या ध्वनीचीच नक्कल न घेतां, केवळ मुद्रणासाठीं निराळा समतोल साधून दोन पदरी फीत तयार करीत. नेहमींच्या ध्वनिफलकाच्या फितींत गळे पुढें व वाद्यें मागें पडतात, कारण मोठ्या आवाजाचीं वाद्यें सभागृहांत आपोआप ऐकूं येत असल्यानें तीं फलकांतून कमी सोडलेलीं असतात. बेटी यांच्या फितींत हा दोष नाहीं. प्रत्येक वाद्य आपापल्या जागीं स्वच्छ ऐकूं येतें. पुढें त्यांचा मंडळीशीं संबंध तुटला, आर्थिक अडचण आली, आणि भाड्याच्या कोठारांत ठेवलेलीं शेंकडों रिळें भाडें थकल्यामुळें १९८६ सालीं लिलांवांत निघालीं. दप्तरें रद्दीच्या भावानें गेल्याच्या कहाण्या आपल्या वाचकांस ऐकून पाठ आहेत. येथें सुदैव एवढेंच कीं, यांतील बरींच रिळें मंडळीच्या संगीताची किंमत जाणणाऱ्यांच्या हातीं पडलीं. त्यांच्या नकला उतरून देवघेवीच्या मार्गावर आल्या. १९८७ च्या सुमारास, म्हणजे रसिकांची संख्या एकाएकीं फुगत असतांना, इतका स्वच्छ व इतका कमी पिढ्यांचा ध्वनि सामान्य संग्राहकाच्या घरीं प्रथमच पोंचला. त्यांत कॉर्नेल होतें. नव्यानें आलेल्या असंख्य रसिकांनीं ऐकलेली पहिली फीत हीच. ‘डेडबेस’च्या वाचकांनीं आवडत्या जलशांसाठीं मतें दिलीं त्यांत तिचें नांव अग्रभागीं आलें, आणि नांव अग्रभागीं आलें म्हणून पुढच्यांनीं तीच प्रथम मागितली.

आमच्या मतें या कीर्तीचा आधार जलशाच्या गुणापेक्षां प्रतीच्या प्रसारांत अधिक आहे. दुसऱ्याच रात्रीं, ता. ९ मे रोजीं, बफलो येथें झालेला जलसा कित्येक जाणकार कॉर्नेलच्या बरोबरीचा, क्वचित् वरचढहि मानतात. ता. ५ चा न्यू हेवन येथील व ता. ७ चा बॉस्टन येथील जलसाहि त्याच पंक्तीस बसणारे. कॉर्नेलच्या प्रतिस्पर्धी म्हणून ज्या इतर रात्री सांगितल्या जातात त्यांची परीक्षा केली तरी हेंच दिसतें. फेब्रुवारी १९७० मधील न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट येथील रात्री स्टॅन्ली यांनीं टिपलेल्या आहेत, ता. २७ ऑगस्ट १९७२ चा ओरेगॉनमधील व्हेनेटा येथील उघड्या माळावरचा जलसा बहुपदरी फितीवर आला असून त्याचें चलच्चित्रहि घेतलेलें आहे. उत्तम मुद्रण नाहीं, पण सर्वोत्तम म्हणून गाजतो आहे, असा जलसा आवडत्यांच्या याद्यांत दाखवितां येणें कठीण. यावर असें उत्तर दिलें जातें कीं, रसिकांनीं शेंकडों फिती ऐकून निवड केली आहे, आंधळेपणानें नव्हे. तें खरें आहे. परंतु निवड उपलब्ध फितींतून झाली, वाजविलेल्या जलशांतून नव्हे, हा भेद त्या उत्तरानें पुसला जात नाहीं.

मंडळीच्या स्वतःच्या दप्तराची अवस्था याहून बोलकी आहे. १९८५ सालीं मंडळीनें डिक लॅटव्हाला या रसिक संग्राहकासच आपला दप्तरदार नेमलें. फितीच्या वेडापायीं जगभर पत्रव्यवहार करणारा हा गृहस्थ मालकाच्या भांडारांत शिरला, आणि १९९३ पासून त्याच्या नांवानें निवडक जलशांची माला निघूं लागली. तिचा पहिला भाग फ्लोरिडांतील टँपा येथील ता. १९ डिसेंबर १९७३ च्या जलशाचा आहे. लॅटव्हाला १९९९ सालीं वारले. माला २००५ पर्यंत चालून छत्तीस भाग झाले. या छत्तिसांत कॉर्नेल नाहीं. घरोघर ज्याच्या नकला होत्या त्याचें मूळ धन्याच्या घरींच नव्हतें ! २०११ सालच्या यादींत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें हें मुद्रण राष्ट्रीय ठेव्यांत समाविष्ट केलें, तेव्हांहि तें मंडळीनें अधिकृतपणें प्रसिद्ध केलेलें नव्हतें. पुढें मूळ रिळें परत मिळालीं आणि मे १९७७ मधील वरील चारहि जलसे २०१७ सालीं, चाळीस वर्षांनीं, एकत्र प्रकाशित झाले. कॉर्नेलचा जलसा मुळांत झालाच नाहीं, ती सरकारी गुप्तहेरांनीं रचलेली बनावट आहे, अशी एक थट्टा रसिकांत प्रचलित आहे. थट्टाच ती, पण मूळ कागद कोणी पाहिला आहे काय, हा प्रश्न तिच्या मुळाशीं आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार तीस वर्षेंपर्यंत खोटा नव्हता.

रसिकांच्या समाजाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर हें वर्णन भाटगिरी ठरेल. जुलै १९८७ मध्यें ‘इन द डार्क’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि तींतील ‘टच ऑफ ग्रे’ हें गीत देशांतील पहिल्या दहा गीतांत जाऊन नवव्या क्रमांकापर्यंत चढलें. वीस वर्षांत जें घडलें नव्हतें तें घडलें. त्या गीताच्या ओढीनें आलेल्या नवख्यांस जुने लोक तुच्छतेनें ‘टचहेड’ म्हणूं लागले. आपणहि कधीं काळीं नवखेच होतों हें ते विसरले. तिकीट नसतां सभागृहाबाहेर तळ देणाऱ्यांची गर्दी आवरेना. तिकीट नसेल तर येऊं नका, अशीं विनंतिपत्रें मंडळी काढूं लागली. ता. २ जुलै १९९५ रोजीं इंडियानांतील डीअर क्रीक येथें हजारों लोकांनीं कुंपण मोडून आंत प्रवेश केला व दुसऱ्या दिवसाचा जलसा रद्द करावा लागला. त्यानंतर मंडळीनें रसिकांस उद्देशून लिहिलेलें पत्र अत्यंत कडक आहे. हें असेंच चालणार असेल तर फिरती बंद होईल असें त्यांत बजावलें आहे. एका आठवड्यानें, ता. ९ जुलै रोजीं, शिकागो येथील सोल्जर फील्ड मैदानावर गार्सिया शेवटचे वाजले.

त्यांच्या मृत्यूनें फितींचा अर्थ पालटला. तोंपर्यंत फीत ही पुढच्या जलशापर्यंतची सोबत होती. आतां तीच तेवढी उरली. पुढें कॅसेटीची जागा संगणकानें घेतली, नकलेगणिक होणारा ऱ्हास थांबला, आणि रसिकांनीं हजारों मुद्रणें ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या सार्वजनिक संग्रहालयांत ठेविलीं. नोव्हेंबर २००५ मध्यें मंडळीच्या वारसदारांच्या सांगण्यावरून तीं तेथून उतरवून घेण्यांत आलीं. रसिक खवळले. त्यांचें म्हणणें असें कीं, हीं मुद्रणें आम्हीं केलीं, आम्हीं वाटलीं, आम्हीं जपलीं, आणि तुमच्या संमतीनें केलीं. फिल लेश यांनीं हा निर्णय आपणांस न विचारतां झाल्याचें जाहीर केलें. कांहीं दिवसांत तडजोड निघाली : श्रोत्यांतून केलेलीं मुद्रणें पूर्वींप्रमाणें उतरवून घेण्यास मोकळीं, ध्वनिफलकावरचीं मात्र तेथल्या तेथें ऐकण्यापुरतीं. ही वांटणी न्याय्यच आहे असें आम्हांस वाटतें, कारण तींत कर्ता कोण हें पाहिलें गेलें. १९८४ सालीं सभागृहांत आंखलेली सीमारेषाच येथें कायद्यांत उतरली.

मंडळीचे कागद २००८ सालीं सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठास देण्यांत आले. त्यांत करारमदार व हिशेब आहेतच. परंतु संशोधकाचें लक्ष वेधून घेतात ते रसिकांनीं तिकिटें मागविण्यासाठीं पाठविलेले लिफाफे. टपाल उघडणाराची कृपादृष्टि व्हावी म्हणून त्यांवर गुलाब, सांपळे, नाचणारीं अस्वलें रंगविलेलीं आहेत. हीच रीत २०१५ सालीं पुन्हां दिसली. गार्सियांच्या पश्चात् उरलेले वादक १९९८ पासून निरनिराळ्या नांवांनीं एकत्र येत व पुन्हां पांगत. प्रत्येक वेळीं हें खरें पुनर्मीलन कीं नव्हे, यावर रसिकांत दोन तट पडत. पन्नासाव्या वर्षीं लेश, वियर, हार्ट व क्रॉइट्झमन या चौघांनीं कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा येथें दोन व शिकागोस त्याच सोल्जर फील्डवर ता. ३ ते ५ जुलै असे तीन जलसे केले, तेव्हां मागणीचे चित्रित लिफाफे पुन्हां ढिगांनीं येऊन पडले. गार्सियांच्या जागीं ‘फिश’ या मंडळीचे ट्रे अनास्तासिओ होते, म्हणून कित्येकांनीं त्यास पुनर्मीलन म्हणण्याचें नाकारलें. याच्या अगदीं उलट टोंकास शिकागोंतील ‘डार्क स्टार ऑर्केस्ट्रा’ ही १९९७ सालीं निघालेली मंडळी आहे. तींत मूळ वादकांपैकीं कोणीहि नाहीं. ती शकावलींतून एखादी जुनी तारीख निवडते आणि त्या रात्रींचीं गीतें त्याच क्रमानें वाजविते. तारीख कोणती हें जलसा संपल्यावर सांगण्याचा तिचा प्रघात आहे, आणि तोंपर्यंत श्रोते गीतांच्या क्रमावरून तर्क करीत बसतात.

तिच्याहि हातीं न लागणारे जलसे आहेत. १९६६ सालच्या कित्येक रात्रींची ना फीत आहे, ना गीतांची यादी. त्या काळीं श्रोत्यांतून मुद्रण करण्याची चालच पडलेली नव्हती. त्यांच्यापुरतें साधन म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या भिंतींवर लावलेलीं, वाचावयास अवघड अशा वळणदार अक्षरांचीं रंगीत भित्तिपत्रकें. त्यांवरून सभागृह, तारीख आणि त्या रात्रीं आणखी कोणती मंडळी होती, एवढें कळतें.